जुन्नरची लेणी ते निघोजचे रांजणखळगे: वाटाड्यासोबत कुकडीकाठची एक दिवसाची सहल

पुण्याहून पहाटे निघून रात्री जेवायच्या वेळेला घरी परतता येईल अशा अंतरात कुकडी नदी वाहते. ती नाणेघाटाजवळच्या डोंगरांत उगम पावते, जुन्नर आणि लेण्याद्री यांच्या मधून पूर्वेकडे जाते, येडगावच्या धरणात थांबते आणि पुढे पारनेर तालुक्यातल्या निघोजपाशी काळ्या खडकात शेकडो रांजणखळगे, म्हणजे रांजणासारखे खोल खड्डे, कोरून मग घोडनदीला मिळते. या एकाच नदीच्या काठाने गेले, तर एका दिवसात माणसाने छिन्नीने पोखरलेला कातळ आणि पाण्याने पोखरलेला कातळ असे दोन्ही पाहता येतात. दोन्ही ठिकाणचा दगड तोच, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला दख्खनचा बेसाल्ट. मी ही सहल अनेकदा केली आहे आणि पाहुण्यांनाही घडवली आहे. ती नीट कशी आखावी, सोबत कोणाला घ्यावे आणि कुठे सावध राहावे, हे पुढे सविस्तर देत आहे.

किती ठिकाणे घ्यावीत

सर्वांत मोठी चूक यादी करतानाच होते. जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि ती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी अशा वेगवेगळ्या डोंगरांवर विखुरलेली आहेत. शिवाय शिवनेरी किल्ला, नाणेघाट, ओझरचा विघ्नहर अशी नावे समोर असतात आणि सगळे जवळच आहे असे नकाशावर वाटते. पहिल्या खेपेला आम्ही पाच ठिकाणे एका दिवसात बसवली होती. लेण्याद्रीला पाऊण तास, मानमोडीला अर्धा तास असे करत निघोजला पोहोचलो, तेव्हा सूर्य बुडत होता. सोबतच्या वाटाड्याने अंधारात खडकावर उतरू दिले नाही आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. इतके अंतर तोडून आम्ही काठावरूनच नदीचा आवाज ऐकून परतलो. तेव्हापासून माझा नियम ठरला: लेण्यांचे दोन गट आणि नदीवरचे एक ठिकाण, यापेक्षा अधिक काही घ्यायचे नाही.

या दोन गटांपैकी पहिला लेण्याद्री. तिथे पायऱ्या, पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय आहे, त्यामुळे मुले आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असली तरी जमते. दुसरा गट निवडताना मंडळींचे पाय पाहून निर्णय घ्यावा. थोडेसेच चढायचे असेल तर पाडळी गावाजवळची तुळजा लेणी घ्यावीत. झुडपांतून, घसरड्या पायवाटेने जायची तयारी असेल तर मानमोडी डोंगरावरची अंबा-अंबिका आणि भूतलिंग ही लेणी घ्यावीत. शिवनेरी किल्ला या दिवसात घालू नये. त्याला स्वतंत्र दिवस लागतो आणि तो दिल्याशिवाय शिवजन्मस्थळाला न्याय मिळत नाही.

ऋतू आणि पाणी

निघोजचे रांजणखळगे नदीचे पाणी उतरल्यावरच दिसतात. डिसेंबर ते मे हा त्यांचा काळ. त्यातही डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे तीन महिने मला सर्वांत योग्य वाटतात, कारण लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे ऊन लेण्यांत खोलवर शिरते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काळा खडक इतका तापतो की त्यावर हात टेकवत नाही. त्या दिवसांत गेलेच तर नदीवर चारनंतर पोहोचावे.

पावसाळ्यात निघोजचा बेत रद्द करावा. त्या दिवसांत खळगे पाण्याखाली असतात आणि काठही धोक्याचा असतो. त्याऐवजी लेणी पाहून पश्चिमेकडे, पूर गावच्या कुकडेश्वराच्या जुन्या दगडी मंदिराकडे जावे. तिथे कुकडी नुकतीच जन्मलेली असते आणि पुढे जाऊन ती एवढा कातळ कोरणार आहे यावर विश्वास बसत नाही.

कोरड्या ऋतूतही एक चौकशी न चुकता करावी. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे आहेत. त्यांपैकी माणिकडोह जुन्नरच्या वरच्या अंगाला आणि येडगाव नारायणगावाजवळ, अशी दोन खुद्द कुकडीवर आहेत. उन्हाळ्यात शेतीसाठी धरणातून पाण्याचे आवर्तन सुटते आणि नदीपात्रात पाणी सोडले असेल तर आदल्या दिवशी कोरडे असलेले पात्र दुसऱ्या दिवशी भरलेले असू शकते. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वाटाड्याला एकच प्रश्न विचारावा: नदीला पाणी सोडले आहे का? निघोज किंवा समोरच्या काठावरच्या टाकळी हाजी गावातल्या माणसाला हे माहीत असते. पुण्यात बसून ते कळत नाही.

वाटाड्या आणि गाईड

या सहलीला दोन प्रकारचे ज्ञान लागते आणि ते एकाच माणसाकडे असेलच असे नाही. वाटाड्याला वाट, पाणी, मधमाश्यांची मोहोळे आणि गावातली माणसे माहीत असतात. लेण्यांचा जाणता गाईड शिलालेख, स्तूप, खांबांची घडण आणि व्यापारी मार्गांचा इतिहास समजावून सांगतो. जुन्नरमध्ये दोन्ही अंगे सांभाळणारे स्थानिक तरुण आता भेटतात आणि शक्यतो तसाच माणूस निवडावा. तसा न मिळाल्यास माझे मत वाटाड्याच्या बाजूने आहे. इतिहास आधी वाचून जाता येतो, पण मानमोडीची वाट वाचून कळत नाही.

फोनवर बोलताना त्याला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. तो स्वतः त्या आठवड्यात किंवा महिन्यात त्या लेण्यांवर गेला होता का, मोहोळे सध्या कुठे आहेत, लेण्यांतले निदान दोन-तीन शिलालेख तो दाखवू आणि वाचून सांगू शकतो का, आणि एका वेळी किती माणसे घेतो? बारा-पंधराहून अधिक माणसे घेतो म्हणणाऱ्याला मी नम्रपणे नाही म्हणतो, कारण लेण्यातल्या एका खोलीत एवढी माणसे शिरली की कोणालाच काही दिसत नाही. मानधन, त्याचे जेवण, नदीपर्यंत सोबत येणार की जुन्नरलाच थांबणार, हे सगळे आधी ठरवून संदेशात लिहून ठेवावे. मानधनात घासाघीस करू नये. दिवसभर आपल्याबरोबर उन्हात चालणारा माणूस त्या दिवशीची शेतातली किंवा दुकानातली मजुरी सोडून आलेला असतो.

पहाटेची वेळ आणि लेण्याद्री

पुण्यापासून जुन्नर सुमारे 95 किलोमीटर आहे. पहाटे साडेपाचच्या आत निघावे, कारण चाकणची वाहतूक एकदा भरली की तास वाया जातो. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या मार्गाने आठ-साडेआठला जुन्नरला पोहोचून, नाश्ता करून, वाटाड्याला गाडीत घेऊन पाच-सहा किलोमीटरवरच्या लेण्याद्रीच्या पायथ्याशी जावे. एस.टी.ने येणाऱ्यांना जुन्नरपर्यंत थेट गाडी मिळते. मात्र पुढे निघोजपर्यंत जायचे असेल तर जुन्नरहून दिवसभरासाठी गाडी ठरवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

लेण्याद्री हे अष्टविनायकांपैकी एक स्थान असल्यामुळे अंगारकीला, संकष्टीला, माघी गणेशोत्सवात आणि रविवारी तिथे मोठी गर्दी असते. आठवड्यातला मधला दिवस निवडावा. पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते, मग तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. वाटेत माकडे असतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, खाण्याचे पुडे किंवा प्रसादाचे ताट उघडे धरू नये. सगळे पाठीवरच्या पिशवीत बंद असावे.

वर पोहोचल्यावर बहुतेक मंडळी थेट 7 क्रमांकाच्या लेण्यातल्या गिरिजात्मज गणपतीचे दर्शन घेतात आणि उतरायला लागतात. दर्शन अवश्य घ्यावे. पण हात जोडून झाल्यावर त्याच दालनात मागे वळून उभे राहावे. एकाही खांबाच्या आधाराशिवाय तोललेले ते प्रचंड सपाट छत आणि तिन्ही बाजूंना असलेल्या 20 खोल्या पाहाव्यात. हा मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. पावसाळ्याचे महिने एका जागी राहून काढण्याचा, म्हणजे वर्षावासाचा, त्यांचा नियम होता आणि या खोल्या त्यांच्या निवासासाठी कोरलेल्या आहेत. खोलीतल्या दगडी ओट्यावर हात ठेवला तर दुपारीसुद्धा तो गार लागतो.

त्यानंतर शेजारच्या 6 क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या पूजेच्या दालनात, वेळ द्यावा. माझ्या मते या दिवसातला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, शेवटी स्तूप, आणि वर कमानदार छत, ज्याच्यावर लाकडी वाशांची नक्कल दगडात उतरवलेली आहे. सुताराचे काम पाथरवटाने इतक्या निष्ठेने का जपले असावे, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर आपोआप पडतो: लाकडी इमारतीच पाहत आलेल्या माणसाला पूजास्थानाचे रूप तसेच हवे होते. याच चैत्यगृहाचा शिलालेख कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे दान दिल्याचे सांगतो. कल्याण हे बंदर, जुन्नर ही बाजारपेठ आणि मध्ये नाणेघाट, असा तो सगळा व्यापारी मार्ग या एका ओळीत येतो.

शिलालेख पाहण्याची एक रीत आहे. टॉर्च अक्षरांच्या समोर धरला तर काहीच दिसत नाही, भिंत फक्त पांढरी पडते. तोच टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि ब्राह्मी अक्षरे उठून येतात. मला ही रीत एका वाटाड्याने शिकवली. त्याच्याजवळ त्या दिवशी टॉर्चही नव्हता, जेवणाच्या डब्याचे स्टीलचे झाकण उन्हात धरून त्याने तो कवडसा तिरपा भिंतीवर सोडला होता. ‘देयधम’ हा शब्द, म्हणजे धर्मासाठी दिलेले दान, एकदा डोळ्यांना ओळखीचा झाला की पुढच्या लेण्यात आपण तो स्वतः शोधू लागतो. मुलांना हे काम द्यावे, ती तासभर रमतात. अक्षरांवर बोट फिरवणे, खडू लावणे किंवा ठसा घेणे मात्र पूर्ण वर्ज्य.

जुन्नरच्या दानलेखांत राजे कमी आणि कामकरी, व्यापारी अधिक आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी म्हणजे संघटना, बांबूचे काम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांचे उल्लेख या परिसरात आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे, आणि मानमोडीवर नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य म्हणजे मंत्री अयम याचा लेख आहे, त्यात 46 हे वर्ष दिलेले आहे. गाईडला हे लेख कोणत्या लेण्यांत आहेत हे माहीत असेल, तर तो माणूस सोडू नये.

दुसरा गट

तुळजा लेण्यांतले गोल चैत्यगृह पाहायला वीस मिनिटे पुरतात, पण तसे लेणे क्वचितच बघायला मिळते. नेहमीच्या लांबट आराखड्याऐवजी इथे वर्तुळ आहे: मधोमध स्तूप, त्याभोवती अष्टकोनी बारा खांब, वर घुमट. दर्शनी भाग ढासळलेला असल्यामुळे उजेड सरळ स्तूपावर पडतो. खांबांवर नक्षी नाही आणि तिची उणीवही जाणवत नाही. हा जुन्नर परिसरातल्या अगदी सुरुवातीच्या लेण्यांपैकी एक गट मानला जातो. एका लेण्यात तुळजादेवीची पूजा होते, तिथे पादत्राणे बाहेर काढून जावे.

मानमोडीची निवड केली असेल, तर पूर्ण पँट, लांब बाह्यांचा सदरा आणि पकड असलेले बूट आवश्यक आहेत. अंबा-अंबिका गटातले अर्धवट राहिलेले चैत्यगृह अभ्यासूंना फार शिकवते, कारण खोदकाम वरून खाली आणि बाहेरून आत कसे सरकत गेले हे तिथे अपुऱ्या कामातूनच दिसते. भूतलिंग गटाच्या चैत्य-कमानीवर गजलक्ष्मी कोरलेली आहे. ती पाहायला मान बरीच वर करावी लागते, म्हणून लहान दुर्बीण असल्यास न्यावी.

मधमाश्यांविषयी इथेच सांगतो, कारण हा जुन्नरच्या लेण्यांतला खरा धोका आहे. छताच्या कोपऱ्यांत आणि कड्यावर आग्या मोहोळे असतात. त्या दिवशी अत्तर, परफ्यूम किंवा सुवासिक तेल लावू नये, लेण्यात सिगारेट, उदबत्ती, कापूर पेटवू नये, मोठ्याने ओरडू नये आणि मोहोळाच्या दिशेने टॉर्च किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश टाकू नये. वाटाड्याने ‘इथून मागे’ म्हटले की कारण न विचारता मागे फिरावे. माश्या उठल्याच, तर हात न झटकता तोंड-डोके ओढणीने किंवा सदऱ्याने झाकून लांब पळावे. पाण्याच्या टाक्यात उतरू नये. मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारूनच ही सहल ठरवावी.

दुपारचे जेवण

जेवण जुन्नर किंवा नारायणगावात करावे, पुढे निघोजपर्यंत नीट बसून जेवायची जागा शोधण्यात वेळ जातो. या भागाची ओळख म्हणजे मासवडी. तिच्यात मासळी काहीही नसते; बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ, खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण भरून वळकटी करतात, तिच्या वड्या कापतात आणि झणझणीत रश्श्याबरोबर बाजरीच्या भाकरीशी वाढतात. वाटाड्याला सकाळीच सांगून ठेवले तर एखाद्या घरगुती खानावळीत ती तयार मिळते. आयत्या वेळी मागितल्यास थांबावे लागते, कारण मासवडी घाईने होत नाही.

निघोज: नदी उतरून पाहताना

जेवून एकच्या आसपास निघाल्यास तीन-साडेतीनपर्यंत निघोजला पोहोचता येते. रांजणखळगे निघोज आणि टाकळी हाजी या दोन गावांच्या मध्ये आहेत आणि इथे कुकडी हीच जिल्ह्याची सीमा आहे: एका काठाला अहिल्यानगर जिल्ह्यातला पारनेर तालुका, दुसऱ्या काठाला पुणे जिल्ह्यातला शिरूर. दोन्ही तीरांवर मळगंगा देवीचे मंदिर आहे आणि गावकरी या जागेला कुंड म्हणतात. त्यांच्यासाठी हे देवस्थान आहे, म्हणून पोहण्याचे कपडे, मद्य आणि मोठ्या आवाजातली गाणी यांना इथे जागा नाही.

काठावरून प्रथम पूर्ण पात्र पाहून घ्यावे. सपाट माळातून येणारी नदी एकदम एका अरुंद, काळ्या घळीत शिरते आणि तिच्या दोन्ही बाजूंना खडक चाळणीसारखा झालेला दिसतो. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि जात्यासारखे खडक दळतात. आधी वाटीएवढा खड्डा होतो, त्यात आणखी गोटे अडकतात, आणि हजारो पावसाळ्यांनंतर त्याचा रांजण बनतो. शेजारचे दोन रांजण वाढत एकमेकांना भिडले की मधली भिंत फुटते आणि नदीला नवी वाट मिळते. कोरड्या खळग्यात डोकावल्यास तळाशी हेच गोटे पडलेले दिसतात: गुळगुळीत, लिंबाएवढे, पेरूएवढे. ते उचलून घरी नेऊ नयेत. पुढच्या पावसाळ्यात त्यांनाच पुन्हा कामाला लागायचे असते.

इथले नियम कडक ठेवावेत. अनेक खळग्यांचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते, भिंती पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या असतात. आत पडलेला माणूस, उत्तम पोहणारा असला तरी, धरायला कड नसल्यामुळे स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याची खोली अंदाजाने कळत नाही. म्हणून भरलेल्या खळग्यात उतरू नये, त्याच्या काठावर पाय सोडून बसू नये आणि फोटोसाठी एका खळग्यावरून दुसऱ्यावर उडी मारू नये. ओला किंवा हिरवट खडक टाळून करड्या, कोरड्या भागावरूनच, वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालावे. लहान मुलाचा हात एका मोठ्या माणसाने शेवटपर्यंत धरलेला असावा आणि त्या माणसाने त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा. तीस मीटर दोरी वाटाड्याकडे आहे का हे विचारण्यात संकोच वाटू नये. नसेल तर ती आपण न्यावी.

सोबत काय असावे हे थोडक्यात: माणशी निदान दोन लिटर पाणी, टोपी, टॉर्च, ओआरएसची पाकिटे, साधी प्रथमोपचाराची पेटी, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी आणि सुटे पैसे. लेणी असलेल्या डोंगरांत मोबाइलची रेंज अधूनमधून जाते, त्यामुळे वाटाड्याचा क्रमांक आणि दिवसाचा कार्यक्रम घरी कोणालातरी लिहून द्यावा.

निघोजमधून सूर्यास्तापूर्वी निघावे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा उसाचा पट्टा आहे आणि उसात बिबट्याचा वावर नेहमीचा झाला आहे. अंधार पडल्यावर रस्त्याकडेला गाडी थांबवून पायी फिरणे, विशेषतः मुलांनी, टाळलेच पाहिजे. परतीचा रस्ता जुन्नरकडून न घेता शिरूर, रांजणगाव, शिकरापूर, वाघोली असा घ्यावा. वाघोलीची गर्दी धरून अडीच-तीन तासांत पुणे गाठता येते. जुन्नरचा वाटाड्या निघोजपर्यंत आला असेल, तर त्याच्या परतीच्या गाडीची व्यवस्था सकाळीच लावून ठेवावी आणि त्याला गाडीत बसवून मगच आपण निघावे, कारण त्या बाजूला जाणाऱ्या शेवटच्या गाड्या लवकर सुटतात.